न पेटलेली भट्टी

शेजारच्या लॉनवर पाटी लागली त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर परतले होते. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं की इथे कचरा जाळू देणार नाही. खाली काळा धूर ओकणारं धुराडं, आणि शेजारी तोंडाला मास्क लावलेलं एक लहान मूल. अशा पाट्या आमच्या वसाहतीत आठवडाभर उगवतच होत्या. पण ही माझ्या मैत्रिणीच्या लॉनवर होती, आणि जी भट्टी होऊ द्यायची नव्हती ती सुचवणारी मी होते.

मी गाडी रस्त्यातच थांबवली. ती किचनच्या खिडकीत उभी होती. तिने मला पाहिलं, आणि ब्लाइंड्स खाली ओढले.

आमची ओळख मॉरिसव्हिलची, या देशात आल्यावरच्या पहिल्या गावातली. दोघींचे नवरे एकाच आयटी कंपनीत, एकाच वर्षी आलेले, आणि आमची अपार्टमेंट एकाच जिन्यावर समोरासमोर. ती पुण्याची, मी अकोल्याची. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. मी केमिकल इंजिनिअर. मास्टर्स करून मला जी पहिली नोकरी लागली ती स्टॅक टेस्टिंगची. म्हणजे कारखान्यांच्या धुराड्यांवर चढायचं, वरच्या लोखंडी मचाणावर उभं राहून भोकातून एक लांब नळी आत सरकवायची, आणि आतून जो वायू येईल तो बर्फात ठेवलेल्या काचेच्या बाटल्यांतून ओढून घ्यायचा. मग लॅब सांगणार की हा कारखाना हवेत काय सोडतोय. सिमेंटचे कारखाने, कागदाच्या गिरण्या, आणि कचरा जाळून वीज करणारे मोजके प्लांट. आमच्या टीमवर मी एकटीच बाई, आणि एकटीच भारतीय. बाकीचे वर जायला कुरकुरत. मला वर जायला आवडायचं.

मुलगी झाल्यावरही मी ते काम सोडलं नाही. कामासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं की मुलगी समोरच्या घरी राहायची. परत आले की मैत्रीण तिला कडेवर घेऊन जिन्यात उभी असायची, आणि मी लांबूनच हात करून म्हणायचे, थांब, आधी आंघोळ. बूट दाराबाहेर, कपडे वेगळ्या पिशवीत, डोक्यावरून पाणी, आणि मगच मुलीला हात. ती हसायची. म्हणायची, तुझं सोवळं माझ्या आजीपेक्षा कडक आहे.

तिच्या मुलाला दमा आहे. लहानपणी फार त्रास व्हायचा. त्याचं एक जादा इनहेलर माझ्या पर्समध्ये कायम असायचं, कारण मुलं कधी या घरी तर कधी त्या घरी. माझ्या मुलीला ते कसं हलवायचं आणि कसं धरायचं हे आधी आलं, बुटाची नाडी बांधायला नंतर.

पुढे ग्रीन कार्डं झाली, पगार वाढले, आणि सगळ्यांसारखी आम्हालाही मोठ्या घरांची हाव सुटली. मॉरिसव्हिलपासून बरंच लांब, दुसऱ्या काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, पाइनचं जंगल तोडून एक नवीन वसाहत होत होती. आम्ही शेजारशेजारचे प्लॉट घेतले. कोथिंबीर आणि ज्वारीच्या पिठासाठी शनिवारी मॉरिसव्हिलला जायचं, एकाच गाडीतून.

तोवर मी धुराड्यांवरून खाली उतरले होते. एका कन्सल्टिंग फर्ममध्ये टेबलाशी बसून मी कचऱ्याचं प्लॅनिंग करत होते. आणि आमच्याच काउंटीचं काम आमच्या फर्मला मिळालं. काउंटीचं लँडफिल भरत आलं होतं. काउंटीच्या पार दक्षिणेला, जिथे आमच्यासारखे लोक कधी जात नाहीत, तिथे तो कचऱ्याचा डोंगर होता. त्यावर माती टाकून गवत लावलेलं, मधून मधून गॅस बाहेर काढायचे पाइप. लांबून टेकडीच वाटते. जवळ गेलं की वास घशात बसतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत जात नाही. मी ते पाहायला गेले तेव्हा वर गिधाडं घिरट्या घालत होती आणि खाली आमच्या वसाहतीच्या बिल्डरचा लोगो असलेला कार्डबोर्ड चिखलात पडला होता.

आता हा कचरा कुठे न्यायचा, हा प्रश्न मला दिला होता. डोंगर आणखी मोठा करता येईल, ट्रकात घालून दुसरीकडे पाठवता येईल, नाहीतर जाळून वीज करता येईल. मी जाळायचं सुचवलं. मन लावून, रात्रंदिवस खपून सुचवलं. युरोपात अशा भट्ट्या शहरांच्या मधोमध उभ्या आहेत, त्यांच्या उष्णतेवर लोकांची घरं गरम होतात. त्या धुरात काय असतं ते मी स्वतः बाटल्यांत भरून आणलेलं होतं. जुन्या भट्ट्या घाण होत्या, त्यात वाद नाही. आत्ताच्या तशा नाहीत. पुरलेला कचरा मात्र जमिनीत सडत राहतो, मिथेन सोडत राहतो, आणि आपण वर गवत लावून त्याला टेकडी म्हणतो. या देशातल्या लोकांना डोळ्यांआड असलेली कुठलीही गोष्ट चालते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

जागाही सुचवायची होती. वीज ग्रिडला जोडायला सबस्टेशन हवं, ट्रकांना हायवे हवा, आणि शक्य तर रेल्वेचा रूळ. हे तिन्ही ज्या इंडस्ट्रियल प्लॉटवर होतं तो आमच्या वसाहतीच्या मागे, पाइनच्या पट्ट्यापलीकडे होता. मी नकाशावर बोट ठेवलं तेव्हा बॉसने विचारलं, तू तिथेच राहतेस ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग चांगलंच आहे, तुझ्यावर लोक विश्वास ठेवतील.

काउंटीने जाहीर करेपर्यंत मला कोणाशी बोलायची परवानगी नव्हती. ती सही मी नोकरीला लागतानाच केली होती. म्हणून मैत्रिणीला ही बातमी वसाहतीच्या फेसबुक ग्रुपवर कळली, आणि खाली कन्सल्टंट म्हणून माझ्या फर्मचं नाव होतं. ती त्याच संध्याकाळी आली. चप्पल काढली नाही. किचनच्या दारात उभी राहिली.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

मी तिला बस म्हटलं. सगळं समजावून सांगायला लागले, कुठला फिल्टर, कुठला स्क्रबर. ती ऐकत नव्हती. माझ्या मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाइनच्या झाडांकडे बघत होती.

"तुझ्या पर्समध्ये त्याचं इनहेलर असायचं," ती म्हणाली. "तुला हे माझ्याशी एकदा बोलावंसं नाही वाटलं?"

मी म्हटलं, बोलता येत नव्हतं. आणि बोलले असते तर तू मला थांबवलं असतंस.

"ऑफ कोर्स थांबवलं असतं," ती म्हणाली, आणि गेली.

आठवडाभरानंतर तिच्या लॉनवरही पाटी लागली. त्या आठवड्यातच तिने विरोधकांची कमिटीही उभी केली. ती मराठी मंडळाची अध्यक्ष राहिलेली बाई. शे-दोनशे माणसांच्या गणपतीचं जेवण, पार्किंग, नाटकाचा सेट हे सगळं ती एका फोनवर हलवायची. तेच डोकं तिने आता माझ्याविरुद्ध लावलं. लाल टी-शर्ट छापले, व्हॉट्सॲप ग्रुप काढले, कोणाकडून तरी फुप्फुसांचा डॉक्टर आणला. आमच्या वसाहतीत भारतीय आणि गोरे लोक रस्त्यात भेटले तर हवेबद्दल बोलून पुढे जायचे. आता ते एकमेकांच्या घरामागच्या डेकवर बसून मीटिंगा घेऊ लागले. मी त्यांना एकत्र आणलं, असं माझा नवरा म्हणाला. त्याला ते विनोदी वाटलं असावं. मला वाटलं नाही.

लोकांचं म्हणणं ऐकायचं पब्लिक हिअरिंग हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होतं. काउंटीचा कारभार पाहणारे, निवडून आलेले सात कमिशनर स्टेजवर लांब टेबलामागे. बॉस आणि मी बाजूला. समोर लालच लाल. माझं प्रेझेंटेशन सुरू झालं आणि दुसऱ्याच स्लाइडला मागून कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. मग शंभर लोक खोकायला लागले. चेअरमनने हातोडा आपटला, पण तोही हसत होता. त्याला पुढच्या वर्षी निवडून यायचं होतं.

मग लोक एकेक करून माइकपाशी आले. प्रत्येकाला तीन मिनिटं. एका बाईने तिच्या आजोबांच्या गावातल्या जुन्या इन्सिनरेटरबद्दल सांगितलं. खिडकीच्या कठड्यावर रोज राख पडायची, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. ते खरंच होतं, आणि त्या आठवणीपुढे माझा एकही ग्राफ टिकणारा नव्हता. एक पर्यावरणवाला पोरगेलासा प्राध्यापक म्हणाला की भट्टीचं पोट मोठं असतं. ती एकदा बांधली की तिला पुढची कित्येक दशकं कचरा पुरवायचा करार काउंटीला करावा लागेल. मग रिसायकलिंग वाढवायचं कशाला? त्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. एका रिअल इस्टेटवालीने घरांच्या किमतींचं सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मग बेसबॉल कॅप घातलेला एक म्हातारा आला. माझ्याकडे न बघता म्हणाला की तिच्या देशात रस्त्यावर कचरा जाळतात म्हणतात, तिला ते नॉर्मल वाटत असेल. त्याच्यामागे रांगेत आमच्या मंडळाचे तीन जण लाल शर्ट घालून उभे होते. तिघांनीही माना खाली घातल्या.

शेवटून दुसरी ती आली. हातात कागद नव्हता. इंग्रजी तिचं पहिल्यापासून माझ्याहून चांगलं.

ती म्हणाली की मी डेटाबद्दल काही बोलणार नाही, मला डेटा कळत नाही. पण या कन्सल्टंटला मी कमिशनरांपेक्षा जास्त ओळखते. तिची मुलगी मी सांभाळली आहे. ही बाई अशा भट्ट्यांवर काम करून घरी यायची तेव्हा बूट दाराबाहेर काढायची. कपडे वेगळे ठेवायची. आणि आंघोळ केल्याशिवाय स्वतःच्या तान्ह्या मुलीला हात लावायची नाही.

"मला तिला एवढंच विचारायचं आहे," ती म्हणाली, "की मग माझ्या मुलाने काय करायचं? चोवीस तास आंघोळ?"

ऑडिटोरियम उठून उभं राहिलं.

चेअरमनने मला उत्तर द्यायची संधी दिली. बॉसने टेबलाखालून माझं मनगट दाबलं, म्हणजे बोलू नकोस. मी बोलले. मी सांगितलं की फिल्टर धुरातून जी राख पकडतो ती घातक असते. ती हवेत जाऊ नये म्हणूनच पकडायची असते. टेस्टिंगच्या वेळी आम्ही त्या राखेच्या जवळ काम करतो, ती बुटांना लागते, म्हणून तो नियम. मी शिस्तीने सांगितलं, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. लोकांनी त्यातला फक्त घातक हा शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीची हेडलाइन तीच होती.

मी नंतर पुष्कळ विचार केला की ती खोटं बोलली का. नाही बोलली. तिने जे सांगितलं ते सगळं घडलेलं होतं. तिने आमच्या जिन्यातली एक संध्याकाळ उचलली आणि चारशे लोकांसमोर वापरली, एवढंच. मी तिला त्यासाठी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

पुढचे महिने वाईट गेले. कोणीतरी आमच्या ड्राइव्हवेवर कचऱ्याची फाटकी पिशवी आणून टाकली. कोंबडीची हाडं, डायपर, ओला कागद. ती मी हातमोजे घालून भरली आणि आत कोणाचा पत्ता मिळतो का ते पाहिलं. मिळाला नाही. मुलीच्या बसमध्ये मुलं नाक धरून बसू लागली. मी तिला काही समजवायला गेले की ती इंग्रजीत म्हणायची, मॉम, प्लीज, जस्ट स्टॉप. दिवाळीच्या फराळाला आम्हाला मेसेज आला नाही. नवरा म्हणाला की प्रोजेक्टवरून बाजूला हो, दुसरं काम माग, आपल्याला इथेच राहायचं आहे. मी विचारलं, तुला ती भट्टी धोकादायक वाटते का? तो म्हणाला, मला काहीच वाटत नाही, मला फक्त सकाळी पेपर आणायला बाहेर जाता आलं पाहिजे. त्या उत्तराचा मला लाल शर्टांपेक्षा जास्त राग आला. महिनाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर मीठ-पाण्यापुरतंच बोललो.

मग कमिशनरांनी एक दिवस जाहीर केलं की नागरिकांच्या भावना लक्षात घेऊन जागा बदलण्यात येत आहे. नवी जागा दक्षिणेला, जुन्या लँडफिलला लागून. सबस्टेशन तिथे नव्हतं, रूळ नव्हता. माझ्या रिपोर्टात ती जागा शेवटच्या नंबरवर होती. बॉसने मला रिपोर्ट बदलायला सांगितला. बदल म्हणजे खोटं लिहायचं नव्हतं. फक्त काही मुद्द्यांना कमी वजन द्यायचं आणि काहींना जास्त. मी ते केलं. मला भट्टी हवी होती.

वसाहतीतल्या पाट्या दोन दिवसांत गेल्या. शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. मैत्रीण होती. हातात डबा, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू आमच्यात एखादा पावसाळी दिवस येऊन गेला होता. तिने मला मिठीच मारली असती, पण मी दार पूर्ण उघडलं नाही.

"चल, झालं एकदाचं," ती म्हणाली. "तुझा प्रोजेक्टही होईल, आणि आपल्याकडे पण काही नाही. मी म्हटलंच होतं सगळ्यांना, इट्स नॉट पर्सनल."

मी विचारलं, तिकडे माणसं राहतात हे तुला माहीत आहे का?

"अगं, तिकडे ऑलरेडी लँडफिल आहे ना," ती म्हणाली. तिला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"तिकडे पण मुलं आहेत," मी म्हटलं. "त्यांनी चोवीस तास आंघोळ करायची का?"

तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली की तू स्वतःच तिकडे बांधते आहेस, मला कशाला शिकवतेस. मी दार लावून घेतलं. डबा ती पायरीवर ठेवून गेली. मी तो तिथेच राहू दिला. संध्याकाळी तिचा नवरा येऊन मुकाट्याने घेऊन गेला.

दक्षिणेकडची मीटिंग एका छोट्या चर्चच्या हॉलमध्ये झाली. तीस-चाळीस माणसं. बहुतेक काळी, बहुतेक वयस्कर. टी-शर्ट नव्हते. दारापाशी टेबलावर कॉफी आणि पाउंड केक ठेवला होता, आणि आम्हालाही तो आग्रहाने दिला. केक देताना कोणी हसलं मात्र नाही. इतका सभ्य आणि इतका थंड विरोध मी आधी पाहिला नव्हता. खोकण्याची सोंगं मला परवडली असती.

बॉसने सुरुवात केली, नोकऱ्या, टॅक्स, नवा रस्ता. पुढच्या रांगेत एक बाई बसली होती, सत्तरीची, ताठ, मांडीवर पर्स. तिने हात वर केला. सांगितलं की ती याच काउंटीत शाळेची बस चालवून रिटायर झाली. लँडफिल आलं तेव्हा तिचा मुलगा पहिलीत होता. तेव्हाही याच हॉलमध्ये सूट घातलेली माणसं आली होती आणि त्यांनीही रस्त्याचं सांगितलं होतं. तो रस्ता झाला, ती म्हणाली. त्यावरून कचऱ्याचे ट्रक येतात.

मग ती माझ्याकडे वळली.

"ही जागा तुमची पहिली पसंती होती का?"

बॉस मध्येच म्हणाला की अनेक जागांचा विचार झाला, अनेक निकष होते.

"मी त्यांना विचारलं," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. पहिली पसंती कुठली होती हेही सांगितलं, ती जागा तांत्रिकदृष्ट्या का चांगली होती हेही सांगितलं, आणि तिथल्या लोकांना नको होती म्हणून ती बदलली, हेही. मला कुठलं शौर्य करायचं नव्हतं. मी थकले होते, आणि त्या बाईच्या नजरेसमोर अनेक निकष असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. ती मान हलवून म्हणाली, "म्हणजे तिथल्या लोकांचं चालतं." आणि पर्स उघडून चष्मा आत ठेवला. तिच्यापुरती मीटिंग संपली होती.

परतताना बॉसने गाडीत रेडिओ लावला आणि रस्ताभर तो चालूच ठेवला. सोमवारी मला या प्रोजेक्टवरून काढण्यात आलं. त्या चर्चच्या लोकांनी वकील गाठला. माझं वाक्य आता मीटिंगच्या रेकॉर्डवर होतं, आणि श्रीमंत वसाहतीतून उचलून काळ्या वस्तीत टाकलं, याला दुसरं नाव द्यायची कोणाची हिंमत नव्हती. पण भट्टी रद्द झाली ती फक्त त्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तेवढं श्रेय मला नको. कर्ज देणाऱ्यांना काउंटीकडून कचऱ्याची हमी हवी होती आणि हमी द्यायला कमिशनर कचरत होते. नैसर्गिक वायूवरची वीज इतकी स्वस्त की आमची वीज चढ्या भावाने घ्यायला वीज कंपनी तयार नव्हती. आणि या देशात जमीन अफाट आहे. कुठेतरी, कोणाच्या तरी शेजारी, एक खड्डा नेहमी स्वस्तात मिळतो. युरोपातल्या भट्ट्यांचे फोटो मी दाखवत होते. तिथे खड्ड्याला जागा नाही आणि पुरण्यावर जबर कर आहे, हे माझ्या स्लाइडवर बारीक अक्षरांत होतं.

कमिशनरांनी शेवटी ट्रकांचा पर्याय घेतला. कचरा राज्याच्या पूर्वेकडच्या एका खाजगी लँडफिलमध्ये जाणार, दोन-अडीच तासांवर, आमच्या दक्षिणेपेक्षाही गरीब भागात. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं तिला मी गेले, माझी रजा टाकून, साधी नागरिक म्हणून. भट्टीच्या हिअरिंगला पोलिसांना पार्किंग सांभाळावं लागलं होतं. आज खुर्च्या रिकाम्या. एक पत्रकार मुलगी, दोन-तीन कर्मचारी, आणि मागच्या रांगेत ती बसवाली बाई.

मी माझी तीन मिनिटं घेतली. म्हटलं की तुम्ही कचऱ्याचं काहीही केलेलं नाही, फक्त त्याला लांब राहायला पाठवलंय. जिथे पाठवताय तिथल्या कोणालाही तुम्ही या हॉलमध्ये बोलावलं नाही. माझ्या वसाहतीतले चारशे लोक स्वच्छ हवेसाठी आले होते, ते आज कुठे आहेत ते मला सांगा. चेअरमनने माझे आभार मानले. नंतर तो ठराव रस्तेदुरुस्तीच्या ठरावाबरोबर एकत्र मताला टाकला, आणि सगळ्यांनी हात वर केले.

बाहेर पार्किंगमध्ये ती बाई तिच्या गाडीपाशी किल्ली शोधत होती. मी थांबले. मला वाटलं, ती काहीतरी चांगलं बोलेल.

"तुम्ही चांगलं बोललात," ती म्हणाली. "पण आमच्याकडे ती भट्टी आली असती तर तुम्ही आज खूश असता."

मी म्हटलं की भट्टी लँडफिलपेक्षा खरंच चांगली असते, अजूनही मला तसंच वाटतं.

"असेल," ती म्हणाली. "आधी तुमच्याकडे बांधून दाखवा." आणि गाडीत बसून निघून गेली.

तिचाही मला राग आला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तिचं बरोबर होतं म्हणून राग कमी झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी ती फर्म सोडली. आता एका सांडपाण्याच्या प्लांटवर काम करते. सांडपाण्याला कोणी विरोध करत नाही, कारण ते कुठे जातं हे कोणी विचारतच नाही. घरही विकलं. चांगली किंमत आली, मागे झाडी आहे म्हणून. आम्ही मॉरिसव्हिलमध्ये परत एका टाउनहाउसमध्ये राहतो. मुलगी कॉलेजला गेली. तिने एन्व्हायर्नमेंटल लॉ घ्यायचं म्हटलं तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

मैत्रीण मला गेल्या महिन्यात इंडियन स्टोअरमध्ये भेटली. भाजीच्या कोपऱ्यात, भेंडी निवडत होती. पळायला जागा नव्हती. तिने मुलीची चौकशी केली. मी सांगितलं. मी तिच्या मुलाचं विचारलं. बरा आहे, धावतो, कॉलेजच्या टीममध्ये आहे, म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग तिने आवाज खाली आणला. वसाहतीजवळ कुठलंसं मोठं डेटा सेंटर येतंय म्हणाली, रात्रंदिवस आवाज, डिझेलचे जनरेटर. कमिटी पुन्हा सुरू केली आहे. हवेचं ज्याला कळतं असं कोणीतरी लागेल.

"तू येशील का एकदा बोलायला?" तिने विचारलं. "तुझं सगळे ऐकतील. आता तू त्यांच्या बाजूची नाहीस ना."

मी तिच्या हातातल्या भेंडीकडे बघत होते. ती एकेक भेंडी टोकाशी मोडून पाहत होती आणि निबर निघाली की परत ढिगात टाकत होती, दुसऱ्या कोणासाठी.

मी म्हटलं, ते कुठे हलवायचं ठरलंय ते आधी विचारून घे.

मी कार्ट पुढे ढकलली आणि दुधाच्या फ्रीजपाशी जाऊन उभी राहिले.